परस आणि दुष्काळ : सुकाळात करावयाच्या तयारीचा विचार

दानशूर व्यापारी, जमीनदार व इतर सद्गृहस्थ हो,

कमिटीच्या जमाखर्चाचे आकडे या अहवालात यथास्थळी दिलेच आहेत. या प्रकरणात आम्ही आपणापुढे एक निराळा हिशेब मांडणार आहो. दुष्काळ पडला म्हणजे कमिट्या स्थापन होतात, वर्गण्या जमतात व धान्य वाटले जाते. पुढे पाऊस पडला म्हणजे कमिटी विसर्जन पावते आणि वहीचे शेवटचे पान मिटले जाते. पुन्हा अवर्षण आले की तहान लागल्यावर विहीर खणण्यास नव्याने आरंभ होतो. ही रीत बदलावयाची असेल, तर सुकाळाच्या वर्षात फारशा खर्चावाचून गरीब कुटुंबाच्या दाराशी कोणती तयारी करून ठेवता येईल, हे पाहिले पाहिजे. घरामागील परसात काढलेली भाजी ही त्या तयारीपैकी एक होय. ती कितपत उपयोगी व कितपत अपुरी आहे, याचा पुराव्यानिशी विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परस काय देऊ शकत नाही

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे आपल्या पक्षाची दुबळी बाजू प्रथम तपासण्याची सवय आम्हांस जडली आहे. घरोघर भाजी लावली म्हणजे दुष्काळ टळेल, असे कोणी म्हणेल तर ते टिकावयाचे नाही. पाच माणसांच्या कुटुंबास रोज दोन किलो धान्य धरले, तर वर्षास सात क्विंटल तीस किलो लागते. आपल्याकडील कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न साधारण वर्षी हेक्टरी आठ-दहा क्विंटलांच्या आसपास येते. म्हणजे एका कुटुंबाच्या भाकरीपुरती तीनचतुर्थांश हेक्टर किंवा त्याहून थोडी अधिक जमीन पाहिजे, आणि शिवाय पाऊस वेळेवर पाहिजे. घरामागची पंधरा-वीस चौरस मीटर जागा हे काम करू शकत नाही, व ते तिच्याकडून अपेक्षूही नये. धान्याची तरतूद सरकारी पुरवठ्यातून, रोजगाराच्या कामांतून आणि आपल्या उदारतेतूनच व्हावयास हवी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने स्वस्त धान्यावर गरिबांचा हक्क मान्य केला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु धान्य पोटात गेले म्हणजे माणसाच्या सर्व गरजा भागल्या असे होत नाही. आणि परसाचा उपयोग येथून सुरू होतो.

धान्याबरोबर आणखी काय हवे

१८७६ ते १८७८ या काळातील दक्षिणेकडील दुष्काळ आपल्या प्रांताच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांस त्याची झळ पोहोचली, आणि साऱ्या देशात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरील मजुरांची मजुरी उतरवून ती सुमारे एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमांच्या आतबाहेर, धान्य व थोडी वरकड रक्कम एवढ्यावर आणली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यास कडक हरकत घेतली. राबणारा देह एवढ्या धान्यावर टिकणार नाही, त्यास अधिक धान्य तर हवेच, पण डाळ व भाजी यांचीही जोड हवी, असे त्यांचे म्हणणे होते. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा त्या काळी जन्मास आला नव्हता; तो १९१२ नंतर रूढ झाला. तथापि डॉ. कॉर्निश यांच्या म्हणण्यातील तथ्य पुढील शास्त्राने पुरते सिद्ध केले.

दुष्काळात मरणारांपैकी पुष्कळ लोक केवळ उपासाने मरत नाहीत. देह क्षीण झाला म्हणजे हगवण, गोवर, हिवताप यांस तो बळी पडतो. जेवणात पालेभाजी मुळीच नसली म्हणजे अ जीवनसत्त्वाची उणीव होते. मुलास प्रथम रातांधळेपणा येतो, आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची जाते. पाऊस पुन्हा पडला, पीक पुन्हा आले, तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. ओंजळभर शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा पाला थोड्या तेलावर परतून मुलाच्या भाकरीबरोबर नेमाने दिला, तर हा अनर्थ पुष्कळ अंशी टळतो. धान्याच्या पोत्याने हे काम होत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे, व व्यापारी गृहस्थांस तो अधिक चटकन पटेल. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चौकशी आयोगाच्या अंदाजाने सुमारे पंधरा लाख, व पुढील अभ्यासकांच्या अंदाजाने त्याहून पुष्कळच अधिक, माणसे मृत्यू पावली. या दुष्काळाचा अभ्यास करून प्रोफेसर अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी उरली नाही, असे शेतमजूर, कोळी व तत्सम लोक प्रथम बळी पडले. अवर्षणात मजुरी आटते व भाव चढतात, ही दोन्ही संकटे गरिबावर एकाच वेळी कोसळतात. त्यातही भाजी ही नाशवंत व पाण्यावर अवलंबून असल्यामुळे तिचा भाव लवकर चढतो, आणि गरिबाच्या घरातून भाजी सर्वांआधी नाहीशी होते. जी भाजी विकत घ्यावी लागत नाही तिला बाजारभाव लागू नाही. तिच्यामुळे वाचलेला प्रत्येक रुपया धान्य, डाळ व तेल यांकडे वळतो.

परदेशातील एक दाखला येथे देण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धास तोंड लागताच, १९३९ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडच्या सरकारने परसात व मोकळ्या जागेत भाजी लावण्याची मोठी मोहीम काढली. लोकांस भाजीकरिता दिलेल्या लहान तुकड्यांची संख्या सुमारे आठ लाखांवरून युद्धकाळात चौदा लाखांपर्यंत गेली. मात्र तेथेही साखर, मांस यांचा भार शिधापत्रिकेनेच उचलला; परसाने त्यास जोड दिली. शिवाय जागा नसलेल्यास जागा मिळवून देण्याची व्यवस्था तेथे होती. आपल्याकडे नेमकी हीच व्यवस्था नाही. ज्यास परस आहे तो थोडीबहुत भाजी लावतोच. ज्या मजुराच्या झोपडीस मागे भिंत आणि पुढे रस्ता, त्याने ती कोठे लावावी?

पाण्याचा हिशेब

येथे कोणीही सुज्ञ गृहस्थ अशी शंका घेईल की, दुष्काळात पिण्यास पाणी नाही तेथे भाजीस कोठून आणावयाचे? शंका रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून पाण्याचा हिशेब नीट केला पाहिजे.

ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. या प्रमाणाने पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येईल. पिणे, रांधणे व इतर खर्च वजा जाता अंघोळीचे व भांड्यांचे म्हणून शंभर लिटर पाणी तरी मोरीतून बाहेर जाते, असे धरण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात एका चौरस मीटर वाफ्यास रोज सुमारे पाच लिटर पाणी धरले, तर एवढ्या सांडपाण्यावर वीस चौरस मीटर जागा हिरवी राहते.

आता टंचाईचे दिवस घ्या. आपल्या राज्यात खेड्यांस टँकरने पाणी देताना माणशी २० लिटरांचे प्रमाण धरतात. पाच माणसांस १०० लिटर. त्यातून पिणे व स्वयंपाक यांस ४० लिटर गेले, तर उरलेल्या साठांपैकी अर्धे, म्हणजे ३० लिटर, पुन्हा उपयोगात येईल. एवढ्यावर सहा चौरस मीटर जागा जगते : शेवग्याची दोन झाडे, एक वेल व पालेभाजीचा एक लहानसा वाफा. यापलीकडे आशा धरणे व्यर्थ होय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसास रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी. कुटुंबाची ती सारी गरज सहा चौरस मीटरांतून भागणार नाही. परंतु दोन लहान मुलांच्या व एका गरोदर बाईच्या ताटात दिवसाआड हिरवा पाला पडेल, आणि दुष्काळाच्या वर्षी एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

पाणी पुरविण्याच्या युक्त्या जुन्याच आहेत. वाफे जमिनीच्या सपाटीहून किंचित खोल करावे. झाडाभोवती आळे करून त्यावर पालापाचोळा किंवा उसाचे पाचट अंथरावे, म्हणजे उन्हाने ओल उडत नाही. वेलाच्या मुळाशी पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवले व तोंड झाकले, तर पाणी मुळांस हळूहळू पोहोचते व वाया जात नाही. साबणाचे वा कपडे धुण्याच्या पुडीचे दाट पाणी पालेभाजीवर घालू नये. ते केळ व कर्दळ यांस द्यावे. मोरीच्या तोंडाशी अळू लावण्याची आपल्या आज्यापणज्यांची चाल होती. ती केवळ शोभेची नव्हती.

काय लावावे

लागवड निवडताना दोन कसोट्या लावाव्या : वस्तू थोड्या पाण्यावर तगावी, आणि ती काढल्यावर टिकावी किंवा वारंवार निघावी.

झाडांत शेवगा पहिला. त्याचा फाटा लावला किंवा बी पेरले, तरी वर्षाच्या आतबाहेर शेंगा येऊ लागतात. पाला, फूल व शेंग या तिन्हींची भाजी होते, आणि मूळ खोल गेल्यावर तो कोरडा उन्हाळा काढतो. त्याच्या जोडीस हादगा व कढीलिंब लावावा. मात्र दुष्काळ जाहीर झाल्यावर लावलेले रोप त्याच उन्हाळ्यात जळून जाते. दोन पावसाळे पाहिलेले झाड उभे राहते. सुकाळातच लागवड करावी, हे आम्ही वारंवार का म्हणतो, ते यावरून कळून येईल.

वेलांत तांबडा भोपळा व वाल लावावा. पूर्ण पिकलेला भोपळा देठासह काढून आढ्यास शिंक्यात टांगला तर महिनोगणती राहतो. कंदांत रताळे व सुरण यांवर भरवसा ठेवावा. कडेने चवळी, गवार व तुरीची चार झाडे असावी. पालेभाज्यांत राजगिरा, माठ, तांदुळजा व अंबाडी उन्हास टिकतात. घोळ तर बहुधा आपोआप उगवते व लोक ती तण म्हणून उपटून टाकतात. मृगाच्या सुमारास बी टाकावे व एकाच वेळी सर्व वाफे न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जात नाही. शेळ्या व कोंबड्या यांपासून रक्षण करण्यास घायपात, शेर किंवा काट्यांची वई घालावी. शेराचा चीक डोळ्यांस घातक असल्याने तो मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावा.

भाजी आहे तेव्हा वाळवून ठेवण्याची विद्या आपल्या स्त्रीवर्गापाशी पूर्वापार आहे. कोहळ्याचे सांडगे, वाळविलेली गवार, सुकविलेली मेथी व अंबाडी ही वाळवणे आजही अनेक घरी होतात. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा व चिमूटचिमूट आमटीत टाकावा.

बियाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुष्काळात भुकेले कुटुंब बियाण्याचे दाणेही शिजवून खाते. त्यास दोष कोणी द्यावा? परंतु मग पाऊस पडल्यावर हात रिकामे राहतात. संकरित जातीचे बी धरून पुढील वर्षी पेरले तर पीक सारखे येत नाही. म्हणून परसासाठी गावरान बी बरे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या अनेक गावरान जाती व इतर भाज्यांचे बी आपल्या घरी जतन करून ते इतरांस पुरविले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा या बाईंच्या कार्याबद्दल सरकारने २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर केली. बी राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून, कोरड्या मडक्यात तोंड लिंपून ठेवण्याची आपली घरगुती रीत स्वस्त व चांगली आहे. प्रत्येक गावी अशी दहा मडकी एका विश्वासू घरी ठेविली, तर गावाचे बी दुष्काळातून तरून जाईल.

जमीनदार गृहस्थांची शंका

गरिबास जागा द्यावी, असे म्हटले की जमिनीचे मालक मनात कचरतात, व त्याचे कारण आम्ही जाणतो. पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यान्वये, दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा इसम काही अपवाद वजा करता कूळ मानला जातो. मराठवाड्यास १९५० चा व विदर्भास १९५८ चा कायदा निराळा आहे. हे कायदे कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झाले व ते योग्यच होते. त्यांस बगल देण्याची युक्ती आम्ही सांगणार नाही. परंतु भयामुळे चांगले काम अडू नये, म्हणून तीन सरळ मार्ग सुचवितो.

पहिला मार्ग असा की, मालकाने लागवड स्वतःच करावी. विहिरीच्या काठी, पाटाच्या कडेने व खळ्याभोवती शेवगा, हादगा, भोपळा स्वखर्चाने लावावा, आणि मजुरांच्या कुटुंबांस पाला, शेंगा व फळे नेण्याची मोकळीक द्यावी. झाडाचा पाला खुडून नेणे म्हणजे जमीन कसणे नव्हे. दुसरा मार्ग, मजूर लावून आपल्या देखरेखीखाली भाजीमळा करणे. १९४८ च्या कायद्यात रोख किंवा वस्तुरूप वेतन घेणारा नोकर व मालकाच्या जातीनिशी देखरेखीखाली काम करणारा मजूर यांस कूळ मानलेले नाही. परंतु ते वेतन पिकाच्या वाट्याच्या रूपाने नसावे, ही अट ध्यानात ठेवावी. तिसरा मार्ग, शेतजमीन न देता शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, रीतसर परवानगी घेऊन, सामाईक मळा करण्यास पाणी व कुंपण द्यावे. कोणताही मार्ग पत्करला तरी कागद आधी करावा व तो आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावा. स्पष्ट लिहिलेल्या कागदाने दाता व घेणारा या दोघांचेही रक्षण होते.

विनंती

दुष्काळात लोकांनी लोकांस हात देण्याची परंपरा या प्रांतास नवी नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६–७८ च्या दुष्काळात गावोगावची खरी हकीकत जमवून सरकारपुढे मांडली. त्या सभेचे आधारस्तंभ सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, हे वकीलच होते. त्याच दुष्काळात, १८७७ साली, महात्मा जोतीराव फुले व त्यांचे सहकारी यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम काढून त्यांच्या जेवणाची सोय केली. पुढे १९७२–७३ च्या अवर्षणात सरकारने कामे काढली, आणि १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. रोजगार हमीची कल्पना १९७७ साली कायद्याच्या रूपास आली. म्हणजे धान्य व काम यांविषयी समाजाने व सरकारने पुष्कळ शिकून घेतले आहे. दुष्काळाच्या आधीच्या वर्षात मुलांच्या ताटातील पाल्याची तरतूद करण्याचा धडा मात्र अद्याप गिरवावयाचा आहे.

सबब आमची विनंती अशी. व्यापारी बंधूंनी आपल्या देणगीचा काही भाग धान्याखेरीज गावरान बी, मडकी व सांडपाण्यासाठी झाकणाची पिंपे यांसाठी नेमून द्यावा. जमीनदार गृहस्थांनी वर सांगितलेल्या तीन मार्गांपैकी एक येत्या मृगापूर्वी पत्करावा व आपल्या विहिरीवरील हौदाचे सांडणारे पाणी वाया न जाईल अशी व्यवस्था करावी. इतर दात्यांनी आपली रक्कम पाऊसपाणी चांगले असलेल्या वर्षीही थांबवू नये. कारण दुष्काळात उपयोगी पडणारा शेवगा सुकाळातच लावावा लागतो, आणि त्या वर्षी दान मागण्यास कोणी दारी येत नाही.

ज्यांस स्वतःचे परस आहे त्यांनी आरंभ आपल्या घरापासून करावा. आपल्या घरी भाजीची वाण नाही, हे आम्ही जाणतो. परंतु गावातील श्रीमंताच्या परसात जे उगवते त्याचे बी मागण्यास गरीब संकोचत नाही, व पाहून शिकण्यासही त्यास पैसा पडत नाही. आपण दिलेल्या बियाण्याचा, जागेचा व पाण्याचा हिशेब पैशाच्या हिशेबाप्रमाणेच गाववार मांडून पुढील अहवालात आपणापुढे ठेवणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

दुष्काळ-निवारण कमिटीकरिता,
आपले नम्र